दुसऱ्या हॉर्नच्या तीन ओळी

चूक तशी मुरंब्याच्या डागाइतकीच होती, आणि तीही नाश्त्याच्या टेबलावर झाली. माणूस पुढे कितीही मोठ्या गप्पा मारो, त्याची बरीचशी पापं अशी खाता खाताच होतात.

लुबोश ब्र्नोच्या संगीतशाळेत चौथ्या वर्षाला होता. साठ वाद्यांसाठी लिहायचा, आणि लिहिलेलं जगभरच्या विद्यार्थी रचनाकारांच्या एका संकेतस्थळावर टाकून खाली नम्रपणे लिहायचा, "मनमोकळं सांगा." मनमोकळं म्हणजे चांगलं, हे सांगणाऱ्यांनी ओळखून घ्यायचं. मार्चमध्ये त्याने नवी रचना टाकली. लिस्बनच्या एका बाईंनी कळवलं, मधली चाल चेलोवर फुकट घालवलीय, ती दुसऱ्या हॉर्नला दे. लुबोशला ते इतकं पटलं की त्याला रागच आला. पण वाचन दुसऱ्या दिवशीच होतं.

वाचन म्हणजे वर्षातून एकदा शाळेचा वाद्यवृंद विद्यार्थ्यांच्या नव्या रचना वाजवून बघतो. प्रत्येकाला तीन फेऱ्या, तिसरी ध्वनिमुद्रणाची. त्यातल्या तीन रचना वसंतातल्या जलशात जातात. म्हणून लुबोशने सकाळी पाव आणि आलुबुखाराचा मुरंबा खाता खाता चेलोच्या तीन ओळी हाताने एका चिठोऱ्यावर उतरवल्या आणि ते दुसऱ्या हॉर्नच्या कागदावर चिकटवलं; चेलोच्या कागदावर त्या ओळी खोडल्या आणि संचालकांच्या प्रतीत त्यांच्यापुढे नुसतं 'दुसरा हॉर्न' लिहिलं. कोपऱ्यावर मुरंब्याचं बोट उमटलं, ते त्याने पुसलं. स्वर मात्र जसेच्या तसे उतरवले.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. हॉर्न, म्हणजे ते वेटोळं पितळी शिंग, हे उलट्या खोपडीचं वाद्य आहे. त्याच्यातून सा ऐकायचा असेल तर कागदावर प लिहावा लागतो, नाहीतर सगळी चाल खाली घसरते. हे लुबोशला ठाऊक नव्हतं असं नाही. ब्लांकाने त्याला ते वीस वेळा सांगितलं होतं, बहुतेक वेळा त्याच्याच ताटातलं लोणच्यात मुरवलेलं सॉसेज पळवता पळवता.

ब्लांका शाळेच्या वाद्यवृंदात दुसरा हॉर्न वाजवायची. बाप डोंगराकडचा वनरक्षक. शिकार संपली की मेलेल्या जनावरांपुढे उभं राहून शिंग फुंकायची तिकडे रीत आहे, ती त्याने पोरीला सातव्या वर्षी शिकवली. तिचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. "वसंतातल्या जलशाला ऑपेराचे हॉर्नवाले बुवा येणारेत," ती म्हणाली होती. "बदली वादक शोधतायत. तिथे दिसले तर दिसले, नाहीतर आहेच गावचा बँड. लग्नाला पण तोच, मयताला पण तोच."

वाचनाच्या दिवशी लुबोश सातव्या रांगेत बसला. रचनाकाराने सातव्या रांगेत बसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. पहिल्या फेरीत मधली चाल आली आणि असा काही बेसूर हंबरडा उठला की बासरीवाली हसून वाजवायची थांबली.

संचालक द्रापाल सरांनी काठी आपटली. "दुसरा हॉर्न! काय चाललंय?"

"सर, लिहिलंय तेच वाजवतेय."

"लिहिलेलं इथे माझ्यासमोर आहे, बाई. कान घरी ठेवून आलात का?"

लुबोशला तिथल्या तिथे कळलं. चिठोरं, मुरंबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. उठून 'सर, माझी चूक' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण पुढच्या रांगेत परीक्षक बसले होते. ज्याला हॉर्नसाठी लिहिता येत नाही त्याला जलशात कोण घेणार? आणि रिवाज होताच की पांघरायला.

दुसऱ्या फेरीतही तेच झालं. आता सर ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं वहीत काहीतरी टिपलं. ते जास्त वाईट होतं.

मग मध्यंतर झालं. मध्यंतरात रचनाकाराला मंचावर जायची मुभा असते. ब्लांका कागदावर वाकून पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. तिने एकदा मान वर करून सातव्या रांगेकडे पाहिलं. लुबोश उठला आणि सरळ संडासात गेला. पंधरा मिनिटं तिथे हात धूत राहिला.

तिसऱ्या फेरीत मधली चाल आली आणि बासरीवालीने मागे वळून पाहिलं. इतकी नितळ वाजली ती. "बघा," द्रापाल सर म्हणाले, "लक्ष दिलं की जमतं." फुंकून वाद्यात साचलेलं पाणी ब्लांकाने काढून टाकलं, बस्स.

लुबोशची रचना निवडली गेली. त्याच यादीखाली जलशातल्या वादकांची नावं होती. दुसऱ्या हॉर्नपुढे यारोमिर, ब्लांकाचं नावच नाही. ब्लांकाने यादी वाचली, "अभिनंदन" म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती खानावळीत त्याच्या टेबलावर आली नाही. त्याचं सॉसेज आता त्यालाच संपवावं लागायचं.

याउपर गप्प बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याने ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर टाकलं. लिस्बनच्या बाई खूश झाल्या. कुणीतरी विचारलं, हॉर्न कोण वाजवतंय, काय वाजवतंय! लुबोशने उत्तर दिलं, "आमच्याकडची एक मुलगी. पहिल्या दोनदा बिचारी गडबडली, तिसऱ्यांदा जमलं." पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा त्याने का टाकला, हे त्याला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. एकतीस जणांना उत्तर आवडलं.

जलशासाठी त्याने सगळे कागद नव्याने छापले, दुसऱ्या हॉर्नचा दुरुस्त करून. चूक कायमची नाहीशी झाली. राहिले फक्त जुने कागद, ते शाळेच्या ग्रंथालयात जमा करायचे होते.

ग्रंथपाल बाई कडक. "पेन्सिल पुसून आणायची," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातावर खोडरबर ठेवलं. "एक खूण दिसली तर परत पाठवीन."

जलशाच्या आदल्या दिवशी सकाळी लुबोश खिडकीत बसून पुसायला लागला. वाद्यवृंदातली मंडळी कागदाच्या शेवटी तारीख, हवा आणि मनात येईल ते लिहून ठेवतात. इथे कुणी 'भूक लागली' लिहिलं होतं, ढोलवाल्याने द्रापाल सरांचं नाक काढलं होतं. लुबोशला थोडं हसू आलं. मग दुसऱ्या हॉर्नचा कागद हातात आला.

चिठोऱ्यावरच्या एकेका स्वराच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीने बरोबर स्वर लिहिला होता. तीन ओळी, एकही न चुकता. शेजारी वाळलेला मुरंबा. आणि खाली,

"१२ मार्च. बाहेर गारा. चिठोऱ्यावरचे स्वर हॉर्नसाठी बदलायचे राहिलेत, मी वर चढवून वाजवते. लुबोश सांगेलच सरांना."

रबर हातात तसंच राहिलं. 'सांगेलच.' त्यातला 'च' त्याला सोसवेना. आपण संडासात हात धूत होतो तेव्हा ती हे लिहीत होती. तो रडला, आणि रडतोय याची त्याला स्वतःला चीडही आली, कारण रडणं सोपं होतं.

अकराला रंगीत तालीम होती. त्याने पहिली फेरी सुरू होऊ दिली नाही. सातव्या रांगेतून उठून, रिवाज मोडून, तो थेट मंचावर गेला आणि साठ जणांसमोर जुना कागद द्रापाल सरांपुढे धरला. "सर, त्या दिवशी ब्लांका बरोबर होती. हे मी लिहिलंय. मला पहिल्याच फेरीत कळलं होतं."

सरांनी चष्मा चढवला. कागद वाचला, शेवटची ओळसुद्धा. त्यांचे कान लाल झाले. "मग तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"रिवाज, सर..."

"रिवाज संगीताबद्दल न बोलण्याचा आहे, गाढवा. माणसाबद्दल नाही!" मग आवाज उतरला. "मी तरी कुठे तिचा कागद मागून पाहिला. मी तिची माफी मागेन. पण जलसा उद्या आहे. यारोमिरने चार तालमी केल्यात, त्याला कोणत्या तोंडाने उठवू?"

यारोमिर मान खाली घालून बसला होता. मग तालीम झाली. व्हायलाच हवी होती.

दुपारी लुबोशने संकेतस्थळावरचं उत्तर काढून खरं काय ते लिहिलं, ब्लांकाच्या पूर्ण नावासकट, आणि तो कागद घेऊन तळघरातल्या सरावाच्या खोल्यांकडे गेला. ब्लांका वाद्य पेटीत ठेवत होती.

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत पेटीचे खटके लावत राहिली. पहिला लावला, दुसरा लावला.

"सर येऊन गेले," ती म्हणाली. "ऑपेराच्या बुवांना चिठ्ठी देतो म्हणाले. बघू. चिठ्ठीतून हॉर्न ऐकू येत नाही."

"ब्लांका, मी..."

"अरे, त्या दिवशी तू आत्ता येतोस, मग येतोस, म्हणून मी सगळं मध्यंतर खुर्चीवरून हलले नाही. कॉफीसुद्धा घेतली नाही. आज सांगून तुझं ओझं उतरलं. चांगलं झालं. मला त्याचं काय करायचं?"

लुबोशने एवढा शहाणपणा केला की याचं उत्तर शोधलं नाही. ती जिना चढायला लागली. अर्ध्यात थांबली.

"यारोमिरने कशा वाजवल्या? त्या तीन ओळी?"

"बऱ्या वाजवल्या."

"माझ्यासारख्या?"

"नाही."

ब्लांकाने पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एवढं तरी लगेच सांगितलंस," ती म्हणाली आणि वर निघून गेली.