सोंड्याच्या पोटातली कुडी

मित्रांनो, मी एक जुना, धूळ ओढणारा डबा आहे. माझं कारखान्यातलं नाव व्हॅक्यूम क्लीनर. बुटकं लोखंडी पोट, खाली तीन चाकं, पुढे लांब नळी. त्या नळीमुळे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं नाव पडलं सोंड्या.

कारखान्यात मोटर बसवली, पोटात कापडी पिशवी लावली, एवढंच आठवतं. पुढचं मात्र पक्कं आठवतं. १९६८ साल. मँगनीजच्या खाणीतल्या एका इंजिनियरची बदली झाली. त्यानं मला शालिकराम वकिलांना देऊन टाकलं.

वकीलच ते. मला ठेवून घ्यायच्या आधी त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ मारली. इकडे फायदे, तिकडे तोटे. फायदे असे, की धूळ उडत नाही, सतरंजीच्या आतली माती निघते, कंबर वाकवावी लागत नाही. तोटेही खरेच होते. मी सुरू झालो की दिवे मंद व्हायचे. सारवलेल्या ओसरीवर गेलो तर सारवणच उखडायचो. बिघडलो तर गावात दुरुस्त करणारा नाही. आणि आवाज असा, की शेजारचे विचारायचे, घरात गिरणी टाकली काय?

एक फायदा त्या कागदावर नव्हता. घरी झाडलोट करायला मैनाबाई यायची. तिला दमा होता. झाडताना नाकाला पदर बांधायची, तरी खोकून खोकून भिंत धरायची. पहिल्या दिवशी मला फिरवून झाल्यावर ती उंबऱ्यापाशी बसली आणि नुसता श्वास घेत राहिली. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "सोंड्या, तू धूळ खातं, म्हणून मले खा लागत नाही."

तशी स्तुती माझी परत कोणी केली नाही.

वकिलांच्या आईला, जिजाबाईंना, मी आवडत नव्हतो. झाडू म्हणजे लक्ष्मी, मग हा नळीवाला कोण, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. दिवे लागल्यावर घरातला केर बाहेर टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. तो मलाही लागू होता.

महिनाभर असंच छान चाललं. मग एका दुपारी वकिलांच्या बायको, सत्यभामाबाई, सतरंजीवर जरा लवंडल्या. त्या उठल्यावर मैनाबाईनं मला फिरवलं आणि ती घरी गेली. दिवेलागणीला सत्यभामाबाईंचा हात कानाकडे गेला. सोन्याची कुडी नव्हती.

ती माझ्या पोटात होती, मित्रांनो. नळीतून खडखडत गेली तेव्हाच मला कळलं. माझ्याच आवाजात मैनाबाईला ऐकू आलं नाही. हाच माझा मोठा तोटा, आणि तो कोणी लिहिला नव्हता. मी काय गिळतो ते बाहेरून कोणाला दिसत नाही. झाडू असता तर तिनं केर बोटांनी चाळला असता. नेहमीच चाळायची. सुई सापडो, बटन सापडो, ती उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवायची.

तिला घरून बोलावून आणलं. चोर असं कोणी म्हणालं नाही. सत्यभामाबाई एवढंच म्हणाल्या, "खोलीत तुझ्याबिगर कोणी आलं नव्हतं." वकील तिथंच उभे होते. कोर्टात रोज बोलणारा माणूस. भिंतीकडे पाहत राहिले.

मैनाबाई सगळ्यांकडे पाहून झाल्यावर माझ्याकडे पाहायला लागली.

"याचं पोट उघडा."

जिजाबाई म्हणाल्या, दिवे लागले, आता केर निघणार नाही, सकाळी पाहू.

"तुमची लक्ष्मी बाहेर नाही जात, आई. घरातच पाहतो. पण मी रातभर चोर होऊन नाही राहत. सूप द्या मले."

तिनं माझी पिशवी सुपात रिकामी केली. धानातले खडे निवडतात तशी ती धूळ हलवत, चाळत बसली. पदर बांधायचंही विसरली. महिनाभर जी धूळ मी तिच्या छातीपासून दूर ठेवली होती, ती सगळी एकदम तिच्या छातीत गेली. खोकत होती, पण हात थांबला नाही.

सुपाच्या काठाशी कुडी चमकली.

सत्यभामाबाईंनी हात पुढे केला. मैनाबाईनं कुडी हातात दिली नाही. पुसली आणि नेहमीसारखी देवळीत ठेवली. मग दम घेऊन वकिलांना म्हणाली, "सोंड्याले बोलता येत नाही, वकीलसाहेब. तुमाले येते."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. वकील स्वतः तिच्या घरी दोनदा जाऊन आले. तरी आली नाही.

मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी नळी कुरतडली, मोटर गंजली. वर ठेवायच्या आधी वकिलांनी तो जुना कागद काढला आणि तोट्यांच्या खाली एक ओळ लिहिली. ती माझ्याबद्दल नव्हती, त्यांच्या स्वतःबद्दल होती. मग घडी करून कागद माझ्याच पोटात ठेवला. अजून आहे.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची पिशवी वेळेवर झटका, आणि झटकायच्या आधी चाळा. नळी कोरडी ठेवा. आणि कोणावर आळ येत असेल, तुम्हाला खरं वाटत नसेल, तर बोला. गप्प राहायला मी आहे. मी डबा आहे.