मनगटावरचे तीन वेढे

मी एक जुना दोर आहे, बुंदी नावाच्या कुत्रीला फिरवण्याचा. आज माझ्याजवळ जे आहे ते मोजून सांगतो. अंबाडीच्या वाखाचे तीन पदर, एका टोकाला लोखंडी हूक, दुसऱ्या टोकाला हातात धरायची मूठ आणि मधोमध एक मोठी गाठ. नवा होतो तेव्हा माझी लांबी सात फूट होती. आता सहा फूट एक इंच भरते. उरलेले अकरा इंच त्या गाठीत गेले. मित्रांनो, ती गाठ कशी पडली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

सावली तालुक्यातल्या एका गावात, जंगलाला लागून, गुणवंतरावांचे घर आहे. त्यांनी मला ओसरीवर बसून वळले. मग मला आड्याला अडकवून खाली धानाचे भरलेले पोते टांगले. मी ताणलो, कुरकुरलो, पण तुटलो नाही.

"जमला बेटा! आता हत्ती बांधला तरी तुटत नाई," ते म्हणाले.

मी फुशारलो. दोराने तुटू नये आणि सुटू नये, एवढेच मला कळत होते.

मोहफुले गळू लागली की गुणवंतरावांच्या पत्नी वच्छलाबाई उजाडताच ती वेचायला जात. सोबत मुलगी दिव्यानी आणि बुंदी. वाकून वेचणाऱ्या माणसाला समोरचे दिसत नाही. कुत्र्याला मात्र जनावराचा वास आधी येतो. पण आमच्याकडे कुत्रे मोकळे नेत नाहीत. मोकळे कुत्रे जनावराला डिवचते आणि ते मागे लागले की मालकाकडेच धावत येते. इथपर्यंत सगळे बरोबर होते.

चूक पुढे होती. वेचायला दोन्ही हात लागतात. म्हणून वच्छलाबाई माझी मूठ हातात न धरता मला डाव्या मनगटाला गुंडाळत. तीन वेढे, आणि टोक वेढ्यांखाली खोचलेले. गावातल्या बहुतेक बाया असेच करत.

दिव्यानी कॉलेजात विज्ञान शिकते. रोजची टोपली ती ताणकाट्याला लावून वजन वहीत लिहीत असे. ती म्हणायची, "माय, असा नको गुंडाळू. ओढ बसली का वेढा आवळते."

"मंग का दातात धरू?" वच्छलाबाई हसत.

शेजारच्या झाडाखालून इतवारीभाऊ ओरडत, "वच्छलाबाई, तुमी कुत्रीले बांधलं का कुत्रीनं तुमाले?"

"तुमाले बांधाले कोनी भेटत नाई, म्हणून फिरता गावभर!"

सगळे हसत. मीही मनात हसत असे.

गेल्या एप्रिलमधली ती सकाळ. टोपली अर्धी भरली होती. बुंदीचे कान उभे राहिले आणि नाल्यातून अस्वल वर आले. वीस पावलांवर. मोहफुले त्यालाही आवडतात.

बुंदीने त्याच्याकडे झेप घेतली. मी एका क्षणात ताठ झालो. वच्छलाबाई तोंडावर पडल्या, टोपली उलटली.

"माय, सोड तिले!"

"सुटून नाई राह्यला, पोरी!"

अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहिले. बुंदी भुंकत पुढे ओढत होती आणि मी वच्छलाबाईंना अस्वलाकडे ओढत होतो, वीतभर, मग आणखी वीतभर. मला सुटायचे होते. पण ओढ वाढली की वेढा आवळतो. त्याला दुसरे काही येत नाही.

दिव्यानीच्या कमरेला विळा होता. तिने तो तीनदा चालवला. प्रत्येक घावाला माझा एक पदर तुटला. बुंदी मोकळी होऊन आडवी पळाली, अस्वल तिच्यामागे गेले. इतवारीभाऊ डबा बडवत धावत आले.

बुंदी दुपारी घरी परतली. माझा अर्धा भाग तिच्यामागे फरफटत होता. दुसरा अर्धा दवाखान्यात वच्छलाबाईंच्या मनगटावरून वेढा वेढा उलगडून काढला. हाड मोडले होते आणि नस दबली होती. हाड जुळले. पण दोन बोटे अजून मिटत नाहीत.

गुणवंतरावांनी मला पुन्हा जोडले. गाठ आवळताना ते बायकोला म्हणाले, "त्या दिवशी पोत्यानंच तुटला असता तं बरं होतं."

"तुमचा दोर चांगलाच होता," त्या म्हणाल्या. "बांधनं माहं चुकलं."

मित्रांनो, मला मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. माझी मूठ तळव्यात धरा, म्हणजे बोटे उघडताच मी सुटेन. झुडपांजवळ मला आखूड धरा. घरून निघताना हूक आणि गाठ ओढून पाहा. दोन्ही हात हवे असतील तर मला जवळच्या खुंटाला बांधा आणि एका झटक्यात सुटणारी सरकगाठ मारा. आमच्या गावातल्या बायांना दिव्यानीने ती गाठ शिकवली आहे.

यंदा वच्छलाबाई त्याच झाडाखाली परत गेल्या. मी खुंटाला होतो. नेहमीप्रमाणे दोन तासांनी दिव्यानीने टोपली ताणकाट्याला लावली आणि वहीत जुन्या आकड्याखाली नवा लिहिला.

अस्वल आले त्याच्या आदल्या दिवशी : अकरा किलो चारशे ग्रॅम.
आज : सहा किलो नऊशे ग्रॅम.