दोन फेऱ्यांत एकदाच

मी शर्यतीच्या गाडीचा कॅम सेन्सर बोलतोय. सध्या मुक्काम गॅरेजच्या काउंटरवर. गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय: खराब.

मी अंगठ्याएवढा. आत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं, बाकी काही नाही. समोरून लोखंडाचा दाता सरकला की मी बोलतो. खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या, चाकापाशी माझा थोरला भाऊ असतो. त्याच्यासमोरून फेरीला पस्तीस दाते जातात, म्हणून त्याची टकळी अखंड चालू. माझ्या वाट्याला कॅमच्या चकतीवरचा एकच दाता, आणि तोही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येणार. पण त्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल आणि हवा दाबायला, एकदा धूर बाहेर लोटायला. यातली ठिणगी पाडायची वेळ कोणती, हे भावाला कळत नाही. ते मी सांगतो.

गॅरेजच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांची लेक गाडी पळवते आणि जावई लॅपटॉपवर इंजिनाची घडी बसवतो. रविवारी शर्यत होती. मलाही त्यात धावायचं होतं, दुसऱ्या कशासाठी मी जन्मलोच नव्हतो.

मला बसवताना उस्तादांनी पिस्टन वर आल्याचं दाखवणारी पुलीवरची खूण इंजिनावरच्या काट्यासमोर आणली, दाता माझ्यापुढे धरला आणि नट आवळले. आता पिस्टन दोनदा वर येतो, तेव्हा ही खूण दोन्ही वेळा जुळते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा असतो. हवा दाबली जात असेल तर ती अंगठा उडवते. पण अंगठा नवशिक्यांनी ठेवावा, असं उस्तादांचं मत होतं.

इंजिन खोकलं आणि हवेच्या नळीतून असा भडका उडाला की उस्तादांच्या भुवया थोडक्यात वाचल्या. त्यांनी लॅपटॉपला दोष दिला. जावई म्हणाला, पडद्यावर सगळं हिरवं आहे, वायरिंग बघा. वायरिंग उस्तादांनीच केलेलं, त्यामुळे ते कुणी बघितलं नाही. एकमत व्हायला दुपार उजाडली आणि झालं ते माझ्यावर, कारण मी त्या घरात कुणाचाच नातेवाईक नव्हतो.

मला उपटून चिठ्ठी बांधली. त्याच जागी नवा सेन्सर बसला आणि पुन्हा तसाच भडका उडाला. हासुद्धा खराब निघाला, असं म्हणत उस्ताद तिसरा मागवायला फोन शोधू लागले.

इतका वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली लेक उठली. तिने प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला.

"बाबा, इंजिन हाताने फिरवा."

उस्तादांनी फिरवलं. खूण जुळली, दाताही सेन्सरपुढे आला. अंगठा जागचा हलला नाही.

"अजून एक फेरी."

या वेळी अंगठा फटकन उडाला.

"हे तुम्हीच शिकवलं होतं मला," ती म्हणाली.

जावयाने लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. उस्तादांनी बराच वेळ चष्मा पुसला, मग दात्याची चकती उचलून अर्धा फेरा, म्हणजे क्रँकच्या एका फेरीएवढी, फिरवून बसवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. रविवारी लेक तिसरी आली. माझ्या जागेवर नवा होता.

आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उस्ताद मला दाखवतात. "या एवढ्याशा वस्तूने छळलं बघा आम्हाला." गिऱ्हाईक मान डोलावतं. मला राग येतो, पण बोलता येत नाही, समोरून लोखंड गेल्याशिवाय मला वाचा नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाच्या गळ्यात चिठ्ठी बांधण्याआधी एकदा अंगठा ठेवून बघा.

परवा गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. उस्तादांनी माझ्या तारा मीटरला जोडल्या आणि माझ्यासमोरून स्क्रूड्रायव्हर फिरवला. काटा टुणकन उडाला. त्यांनी पुन्हा फिरवला, मी पुन्हा बोललो. मग त्यांनी मीटर बंद केलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठीची सैल झालेली गाठ घट्ट बांधली.