चार नंबरची व्हॅन

"आणि झाकणं?" लुसेनं विचारलं.

"कसली झाकणं, मावशी? व्हॅन आहे ही, स्वयंपाकघर नाही," आपेलू म्हणाला. भाड्याच्या गाड्यांचं हे आवार त्याचं होतं.

लुसे ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं पांढरा रुमाल सीटखालून फिरवला आणि काळाकुट्ट झालेला त्याच्या नाकासमोर धरला. गावच्या महिला समितीतर्फे चाळीस वर्षं ती घरोघर तपासणी करत आली होती. मच्छरदाण्या, चादरी, भांड्यांवरची झाकणं, संडास. आता समितीनं वर्षभरासाठी व्हॅन भाड्यानं घ्यायची ठरवली, तर ती पारखून घ्यायला दुसरं कोण येणार?

आपेलूच्या कागदावर व्हॅनचं चित्र होतं. ओरखडा दिसेल तिथं फुली मारायची. लुसेनं इतक्या फुल्या मारल्या की चित्राला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

"वन्सं, आटपा आता!" स्टिअरिंगवर बसलेली तिची भावजय सोसेफिना ओरडली. "उद्या पहाटे भावोजींना घेऊन निघायचंय. की ओरखडेच मोजत बसायचं?"

भावोजी म्हणजे लुसेचा नवरा एती, गावचे जुने गुरुजी. मूत्रपिंडं थकल्यापासून आठवड्यातून तीनदा त्याला डोंगर ओलांडून इथं राजधानीत, आपियाच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला यावं लागे. गेल्या महिन्यात बस घाटात पंक्चर झाली, इस्पितळातली वेळ हुकली, आणि पुढचे दोन दिवस त्याची धाप ऐकत लुसे उशाशी बसून होती.

"मागचं दार उघड," ती म्हणाली.

स्टेपनी नवीकोरी होती. लुसे वाकली. चाकावर खडूनं सात लिहिलं होतं.

"ही चार नंबरची गाडी ना रे?"

"हो."

"मग स्टेपनी सातची कशी?"

"तुम्ही येणार कळलं ना, मावशी... तपासणीपुरती..."

"फिलेमाचा लेक शोभतोस!" लुसे खदखदून हसली. "तुझ्या आईकडे निळ्या फुलांची चादर बघायचे. शेजारी तीच. चौथ्या घरात परत तीच! मागच्या दारानं पळून पळून दमायची बिचारी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आई दर रविवारी चर्चमध्ये त्या चादरीची माफी मागायची!"

"चारही घरं पास केली मी. उसन्या चादरीनं कुणी मरत नाही." तिनं स्टेपनीवर तळवा ठेवला. तिचा आवाज उतरला. "हे चाक मात्र इथून हलणार नाही."

"मग सात नंबरला काय देऊ?"

"विकत घे."

आपेलूनं कागदावर लिहिलं: स्टेपनी, नवीन, एक. लुसेनं रुमालानं खडूचा सात पुसून टाकला.

मग ती चपला काढून आत चढली आणि मागच्या सीटवर सरळ आडवी झाली. डोकं एका दाराला टेकलं, टाचा दुसऱ्याला.

"वन्सं, डोक्यावरची टोपी चुरगळली!" सोसेफिना म्हणाली.

"मावशी, गुरुजी तुमच्याहून हातभर उंच," आपेलू म्हणाला. शाळेत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. "मावायचे नाहीत."

"होते उंच," लुसे म्हणाली.

ती उठून बसली. पिशवीतून घरची उशी काढून तिनं दाराशी ठेवली. परतताना एतीला पडल्यापडल्या समुद्र कुठल्या खिडकीतून दिसेल ते मनाशी जुळवून पाहिलं, आणि उशी उचलून सीटच्या दुसऱ्या टोकाला नेली.