बशीतली गोळी

डॉक्टर सुनीतीनं दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"सहा महिने गोळी घेताय. मध्ये डोसही वाढवला. तरी थायरॉइड मंदच, आणि कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी."

"तूप तर वर्षभर बंद आहे," मंदाकिनी म्हणाली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. तिची आई अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेली होती. पुढच्या महिन्यात तिलाही अठ्ठावन्नावं लागणार होतं.

"आमच्याकडे तूप आता फक्त निरांजनाला," शेजारी बसलेले तिचे यजमान, दिगंबर, म्हणाले.

सुनीती हसली. "सगळा दोष तुपाचा नाही. थायरॉइड मंदावलं की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही. ते साचतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्रास होतो. गोळी लागू पडली तर हेही उतरेल. घेता कशी?"

"रोज सकाळी सहाला. एक दिवस चुकलेला नाही."

"कशाबरोबर?"

दिगंबरांनी मान वर केली. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा तेच करत. कपात भरपूर दुधाचा चहा आणि बशीच्या कडेला, न विसरता, गोळी.

"चहाबरोबर," मंदाकिनी पटकन म्हणाली. "माझीच सवय."

"मग ती पुरती शोषलीच जात नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा तासाभरानं. सध्या एवढंच बदलू. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू."

सदाशिव पेठेतून दोघं घरी चालत निघाले. एक स्कूटर उलट्या बाजूनं अंगावर आली, तरी एरवी भांडणारे दिगंबर नुसते बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सहाला ती स्वयंपाकघरात आली. बशीत गोळी होती, शेजारी पाण्याचा पेला. गॅसवर काही नव्हतं. सहाच्या चहाआधी पस्तीस वर्षांत कुणाशी धड न बोललेले दिगंबर खुर्चीत पेपर धरून बसले होते.

तिनं गोळी गिळली.

"तुमचा चहा?"

"आपल्याकडे आता चहाचे सहा वाजतात ते सातला."

"तुम्ही घ्या की. तुमचं थायरॉइड ठणठणीत आहे."

"वाचू दे जरा."

तिनं वाकून पाहिलं. पेपर कालचा होता. ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"मधलं पान द्या," ती म्हणाली.