निवडलेली माती

डोंगरउतारावरच्या मातीत एकही खडा नाही, असं कोणी सांगितलं तर मी त्याला वेड्यात काढीन. पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच तसं लिहून दिलं आणि खाली सहीही केली. बेळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मला अकरा वर्षं झाली. दुसऱ्याची चूक दिसली की माझं तोंड लगेच सुटतं, त्यामुळे माझी ही चूक हाताखालची माणसं मला अजून अधूनमधून ऐकवतात. ऐकवू देत.

निपाणीच्या बाजूला, हायवेपासून सहा-सात किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. एकोणीस घरं. घरांच्या डोक्यावर उभा चढ, चढावर कुसळी गवत, आणि त्या गवतावर वाडीची सगळी गुरं. तिथं समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खड्डे, खणायची योजना मंजूर झाली होती. पावसाचं पाणी चरात अडवायचं, उतारावर जिरवायचं, हा बेत. त्यासाठी मातीचे सहा नमुने आमच्याकडे आले. पिशव्या जुन्या लुगड्याच्या, हातानं शिवलेल्या. माती इतकी मऊ, की बोटांना काही टोचेना. चाळणीवर काहीच उरलं नाही. खड्यांच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं आणि शेरा मारला: उघडी चिकणमाती, वर खड्यांचं पांघरूण नाही, पावसानं धुऊन जाईल, चर खणावेत. सही करण्याआधी मी जागा बघायला हवी होती. मार्चची गर्दी होती, गेले नाही.

एप्रिलमध्ये चरांची आखणी झाली. उद्या सकाळी जेसीबी येणार, तर आज जागेवर जाऊन शेवटचा कागद पुरा करायचा, म्हणून मी गेले. ग्रामपंचायतीचे सदस्य आण्णाप्पा बरोबर होते. या योजनेसाठी त्यांनी तीन वर्षं चपला झिजवल्या होत्या, आणि ते त्यांनी मला वाटेत चार वेळा सांगितलं. उतारावर वीस पावलं चढले असेन, पायाखालचे खडे घसरले आणि मी सरकारी कागदांसकट खाली बसले.

"लागलं काय, मॅडम?" आण्णाप्पांनी विचारलं.

लागलं होतं. पण मी तळहाताकडे बघत होते. तळहातावर खडेच खडे रुतले होते. बोराएवढे, सुपारीएवढे. गवताच्या बुडख्यांमध्ये जिकडे बघावं तिकडे तेच. मी कुदळ मागवली आणि खणायला लावलं. वर चार बोटं नुसते खडे. त्याखाली तांबूस चिकणमाती, पण तीही खड्यांनी भरलेली, कणकेत शेंगदाणे मळावेत तशी. दीड फुटावर कुदळ खणकन वाजली. खाली सपाट कातळ लागला, आणि तोही वाडीकडेच कललेला.

या डोंगराला कोणी धरून ठेवलं असेल तर या खड्यांनी. पावसाचा मार ते अंगावर घेतात, पाणी फटींतून हळू मुरू देतात, बाकीचं वरच्यावर वाहून जातं. कुसळीची मुळं त्यांनाच घट्ट धरून बसलेली. आता हेच पांघरूण फाडून चर खणले, की महिनाभर साचलेलं पाणी थेट कातळापर्यंत जाणार. तिथली चिकणमाती साबणासारखी बुळबुळीत होणार. मग गवत, माती, खडे, सगळा उतार घसरून घरांवर येणार. आणि 'चर खणावेत' या शब्दांखाली माझी सही होती.

"नमुने कोणी काढले?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सोनुबाईनं. तिचं घर हे काय, उताराच्या बुडालाच. बोलवू काय?"

सोनुमावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दोघींनी शेजारी बसून वीस वर्षं काम केलं होतं. आई गेल्यावर आमचं भेटणं थांबलं होतं. ती वर आली ती हसतच.

"आलीस व्हय गं, समता? माती पोचली न्हवं?"

"पोचली. मावशी, त्यातले खडे कुठं गेले?"

"का? एखादा ऱ्हायला काय?" तिचा चेहरा उतरला. "चार दीस निवडत हुतो गं. सुपात पाखडली, मग पिठाच्या चाळणीनं चाळली. एक बी ऱ्हाऊ दिला न्हाय."

आण्णाप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मी तोंड उघडलं होतं, आता ही बाई माझ्या तावडीतून सुटणार नव्हती.

"कशाला पण, मावशी? माती काय भाकरी करून खाणार होतो आम्ही?"

"तू तपासनार म्हनून," ती म्हणाली. "नातीनं कागद वाचला, त्यात तुजं नाव हुतं. जयाबाईची पोर टेबलाव आपली माती घेनार, चार मान्सं बगनार. आमास्नी लोकांनी मजुरीला जोंधळा दिला तो बी खड्याचा दिला. आपल्या हातनं जातंय ते तरी निवडून जाऊ दे म्हनलं."

माझा राग जागच्या जागी विझला. माझी आई तांब्यात निखारे घालून माझ्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करायची, ती याच कारणासाठी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. खडे म्हणजे घाण नव्हे, ते आहेत म्हणून तुमचं घर उभं आहे, म्हणून गुरांना गवत आहे. ती ऐकत होती आणि उताराकडे बघत होती. आण्णाप्पाही ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"म्हंजी योजना गेली," ते म्हणाले. "तीन वरसं मॅडम! ह्या एका बाईमुळं!"

"जेसीबीवाल्याला फोन लावा, उद्या येऊ नको म्हणावं. घरांच्या खाली सपाट जागा आहे, तिथं तळं होईल. मी लिहून देते. वर्ष जाईल, पण होईल."

ते धुसफुसत फोन घेऊन बाजूला गेले. सोनुमावशी मान खाली घालून बसली होती. अहवालाच्या दुरुस्तीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. 'नमुना घेणाऱ्याची चूक' एवढं लिहिलं असतं तर मी सुटले असते, आणि वाडीनं तिला जन्मभर सोडलं नसतं. मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: "जागेची पाहणी न करता अहवाल दिला. चूक सही करणाऱ्या अधिकाऱ्याची."

"ह्यानं तुजं काय वाईट हुईल?"

"बढती लांबेल."

"म्या वाडीभर सांगितलतं," ती म्हणाली, "जयाबाईची पोर कधी चुकत न्हाय म्हनून. आता काय सांगू?"

"चुकली म्हणून सांगा."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आण्णाप्पांकडे चालू लागली. ते अजून फोनवरच होते, आणि खालून सात-आठ माणसं काय झालं ते बघायला वर येत होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "ऐका रं! तिच्या एकटीचं नाव घेऊ नगासा. आमी दोगी चुकलाव."