बाहेरचं हेड

गल्लीतले सगळे तिला वहिनीच म्हणायचे. कारण तिचा दीर समोरच्या गॅरेजातून दिवसातून दहा वेळा "वहिनी!" अशी हाक मारायचा आणि ती हाक सगळ्यांच्या तोंडी बसली होती. नवऱ्याची पाठ आखडून तो अंथरुणाला खिळल्यापासून पिकअप तीच चालवत होती. पिण्याच्या पाण्याचे जार टेकडीवरच्या शाळेत, दवाखान्यात आणि दोन खानावळींत पोचवायचे. गाडी टर्बोची, डिझेलवर चालणारी आणि चढाला मागे न हटणारी.

मंगळवारी तीच गाडी अर्ध्या चढावर वाफा ओकत बसली.

ओढून आणलेली गाडी दिराने बुधवारी संध्याकाळपर्यंत खोलली आणि हात पुसत सांगितलं, "वहिनी, हेड गेलं. क्रॅक आहे. काही उपयोग नाही आता."

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्याच्याखाली स्फोट होतात आणि टर्बो तिथे हवा दाबून कोंबतो. ते गेलं म्हणजे गाडीचा जीवच गेला. वहिनीने कपाळाला हात लावला. पण ती पुढे काही विचारणार, तोच दिराने फडक्यात गुंडाळलेलं नवंकोरं हेड टेबलावर ठेवलं. बाहेरच्या बनावटीचं, चकचकीत, जाडजूड.

"कंपनीच्यापेक्षा भारी! पोर्ट मोठे आहेत, हवेच्या वाटा रुंद. टर्बोला मोकळा श्वास मिळतो. परवा गाडी रस्त्यावर."

"कंपनीचं का नको?"

"त्याला तीन आठवडे लागतात. आणि तुम्ही कशाला काळजी करता? हे माझ्याकडून."

इथेच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस साधा वॉशरही बाहेरचा घालू द्यायचा नाही. 'कंपनीचं ते कंपनीचं' हे त्याचं पालुपद. गिऱ्हाइकांना तो त्यावरून तासतासभर झोडपायचा. त्याला एका दिवसात हा साक्षात्कार कुठून झाला? आणि फुकट? घरच्यांकडूनसुद्धा पंक्चरचे पैसे मागणारा हा, हेड फुकट देणार?

"जुनं हेड दाखवा बरं, भावजी."

"ते… भंगारात दिलं."

भंगारवाला यायचा शनिवारी. आज तर बुधवार. वहिनी तिथून निघाली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "यात कुठेतरी पाणी मुरतंय."

नवरा पाठीला शेक घेत पडला होता. "अगं, माझा भाऊ आहे तो."

"म्हणून तर उघडपणे विचारता येत नाही."

बाहेरच्या मालाच्या दुकानदाराशी दिराचं साटंलोटं असणार, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. गुरुवारी सकाळी ती थेट फेसिंगवाल्या काकांकडे गेली. गावातली सगळी वाकडी हेडं सपाट व्हायला त्यांच्याच मशीनवर येत. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिला आपलं हेड दिसलं. कडेला निळ्या रंगाचा डाग होता. तो तिच्याच हातून, गाडीचा पत्रा रंगवताना पडलेला.

"तुमचा दीर टाकून गेला काल," काका म्हणाले. "सपाट होतंय का बघा म्हणाला."

"क्रॅक कुठाय?"

"क्रॅक? कोण म्हणालं? मी तपासलंय, क्रॅक नाही. वाकलंय." काकांनी हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि ते खिडकीकडे वळवलं. मधोमध पट्टीखालून उजेडाची फट दिसत होती. "पण याचं फेसिंग दोनदा झालंय. आणखी घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतील. नवं लागणार, यात खोट नाही."

"मग कुठलं घेऊ? कंपनीचं की बाहेरचं?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाहेरचं वाईट नसतं, पण ते पळणाऱ्या गाडीचं. मोठे पोर्ट असले की इंजिन जोरात फिरायला लागल्यावर मजा. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये भरल्या गाडीने चढणार. तेव्हा हवा त्यातून रेंगाळत जाते, टर्बो उशिरा जागा होतो. ओढ लागते तेव्हाच मिळायची नाही. कंपनीचं घ्या." मग जरा थांबून ते म्हणाले, "पण हे वाकलं कशानं, ते कुणी विचारलंत का? तापल्याशिवाय हेड वाकत नाही. इंजिनातलं पाणी कुठे गेलं?"

नव्हतंच विचारलं कुणी. कालपासून वहिनी काय बसवायचं यावर संशय घेत होती आणि का गेलं हे बाजूलाच राहिलं होतं.

ती गॅरेजात आली तेव्हा दीर पान्यांची पेटी आवरत होता. ती बोनेटखाली वाकली. रेडिएटरच्या पाण्याच्या पाइपांना आवळून धरणारे तीन क्लॅम्प होते. दोन गंजून तपकिरी झालेले आणि खालचा आरशासारखा लखलखीत.

"भावजी, हा नवा क्लॅम्प कधी लावलात?"

दिराच्या हातातला पाना तसाच राहिला. मग त्याने तो पेटीत ठेवून दिला.

"मंगळवारी," तो म्हणाला. "गाडी ओढून आणल्यावर. दहा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगला पाइप काढला होता. तेवढ्यात फोन आला आणि क्लॅम्प हातानेच फिरवून सोडला. आवळायचा राहिला आणि वाटेत निखळून पडला. सगळं पाणी गेलं, वहिनी. चूक माझी."

"आणि हे हेड?"

"माझ्या शर्यतीच्या गाडीसाठी आणलं होतं, वर्षभर पडून होतं. म्हटलं, गाडी लगेच चालू झाली तर कुणी विचारणार नाही."

वहिनी स्टुलावर बसली. राग तर आलाच होता, पण त्याच्याखाली थोडी शरमही होती. या माणसाला तिने दलाल ठरवून टाकलं होतं.

"क्लॅम्प राहतो माणसाकडून," ती म्हणाली. "पण तोंडावर क्रॅक म्हणालात. उद्या ब्रेकबद्दल काही सांगाल, तर मी कसं खरं मानू? रोज तो चढ उतरते मी."

दिराने बाहेरचं हेड पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

"कंपनीचं मागवा. तोवर जार तुमच्या गाडीतून जातील, आणि चालवाल तुम्ही," वहिनीने बजावलं.

शर्यतीची गाडी तीन आठवडे जार वाहत राहिली. एका वेळी जेमतेम आठ मावायचे. खानावळवाले हसायचे, दीर मुकाट्याने वर-खाली करायचा. हेड आलं तेव्हा खोक्याचं सील वहिनीने स्वतः फोडलं, पट्टी लावून सपाटी पाहिली आणि बोल्ट मधून कडेकडे क्रमाने आवळले जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. क्रमातला एक बोल्ट गाळून तो पुढच्याकडे गेला, तेव्हा तिने "थांबा" म्हणून त्याला मागे आणलं. तो निमूटपणे मागे आला.

भरली गाडी पहिल्याच दिवशी चढ चढून गेली. परत आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आता बसला ना विश्वास?"

"इंजिनावर बसला," ती म्हणाली आणि तिने समोरच्या गॅरेजकडे पाहिलं. "बाकीचं बघू."

पुढच्या सर्व्हिसिंगला बोनेट लावण्याआधी दिराने गल्लीतून हाक मारली. ती हातातलं काम टाकून गेली आणि प्रत्येक क्लॅम्प बोटांनी हलवून बघितला.